हळदीचा वास

पिशोरच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी आणि एक तरुण शेजारी बसले होते. तरुणाच्या मांडीवर चार चाकांची फळी होती, आणि फळीच्या पोटाला बांधलेल्या स्टीलच्या डब्यातून वायरी बाहेर आल्या होत्या.

"काय हाय रं ह्या डब्यात?"

"बॅटरी हाय, मावशी. फळीवर उभं राहायचं, बटन दाबलं की ती पळते."

"आन् ह्या वायरी?"

"मोटारीच्या. सगळं मीच बनवलंय. डबा घरातला, मसाल्याचा."

"तरीच मघापासून हळदीचा वास येतोय! लई हुशार हाईस की. माझ्या नातवाला दाखव एकदा. नाव काय म्हणायचं तुझं?"

"मुनीब."

"कोण?"

"मुनीब."

"असं व्हय. उघड बरं तो डबा."

"आत्ताच सांगितलं ना, बॅटरी हाय."

"सांगायला काय जातंय? उघड."

"पाणी जाऊ नये म्हणून झाकण पक्कं चिकटवलंय, मावशी. इथं नाय उघडायचं. आन् हळदीचा वास तुम्हालाच आला ना?"

"वासाचं मला सांगू नको. कंडक्टरला बोलावू का?"

"बोलवा की. फक्त तुमचं हे गाठोडं जरा तिकडं घ्या, माझ्या पायाला टोचतंय."

"विळे हायेत त्यात. गुलमंडीच्या बाजारातून धार लावून आणलेत. तुला कशाला पाहिजे चौकशी?"

"मी कुठं इचारलं, मावशी? मी नुसतं सरकवा म्हणालो."