दाराशेजारची जागा

गॅरेजच्या काउंटरवर माझ्या पुढे एक बाई तिथल्या माणसाशी बोलत उभ्या होत्या. शेजारच्या खुर्चीत त्यांचे सासरे मांडीवर कुबड्या घेऊन बसले होते.

"सरकतं दार बटणाने बंद होतं आणि चालत्या गाडीत आपोआप उघडतं. तिसरी खेप आहे माझी."

"ताई, मागच्या वेळी मोटर नवी टाकलीय."

"मोटर दार ओढतेय हो. लॅच ते धरून ठेवत नाही. दुखणं पोटाचं आणि पट्टी डोक्याला."

"कॉम्प्युटर तर दार बंद दाखवतो."

"कॉम्प्युटर कधी बसलाय माझ्या गाडीत?"

"आमच्या मेकॅनिकने आत्ताच चक्कर मारली. दार जागचं हललं नाही."

"हलेल कसं? आज इथवर यायला मी ते आतून दोरीने बांधलंय. कपडे वाळत घालायची दोरी आहे माझी. ती त्याने सोडली का?"

"दोरी सोडा, असं कामाच्या कार्डावर लिहिलं नव्हतं."

"उद्या औषध पाजण्याआधी बाटलीचं बूच काढा, हेही लिहून देऊ का?"

"चिडू नका ताई. दाराशेजारी जे बसतात, त्यांचा हात लागत असेल."

"हे बसतात तिथे, माझे सासरे. तीन खेपांत त्यांना एकदा तरी विचारलंत?"

"बाबा, तुमचा हात लागतो का दाराला?"

"लागतो ना. वळण आलं की दोन्ही हातांनी धरायचो. सुनेने दोरी बांधेपर्यंत, तीन आठवडे, या दाराची कडी मीच होतो."