मठाच्या फरशीतलं जातं

— तिथे नका बसू हो चक्कीवाले, त्या कोपऱ्यात टोपलीत हंसीण बसलीय अंड्यांवर. चावते. परवा पाद्रीबाबांना चावली — कुठे ते सांगत नाही, पण त्या दिवशी माझ्याकडे जेवले ते उभ्यानेच. इकडे या, या बाकावर. टोपी कशाला काढलीत? बघा, केसांतूनसुद्धा पीठ गळतंय — असू द्या, झटका, झटका इथेच, मडक्यावर झटका! मठाने घेतलेल्या वाट्यातलं चिमूटभर तरी माझ्या लापशीत परत आलं म्हणेन. हसलात? हसलात की! शेजारच्या हॉविसला सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही. ती म्हणते, हॅमो चक्कीवाल्याला दात आहेत की नाहीत ते अख्ख्या गावात कुणी पाहिलेलं नाही. आता मी सांगेन, आहेत, मी पाहिले, पुढचे दोन तरी आहेत.

मठाच्या कारभाऱ्याने पाठवलं ना? तोंड असं करू नका, मला ठाऊक आहे. 'ऑर्मची विधवा नाताळापासून चक्कीवर फिरकली नाही, म्हणजे घरात जातं लपवलेलं असणार, जा, शोधून काढ' — असंच ना? अहो, मला काय कायदा माहीत नाही? नदी मठाची, पाणी मठाचं, चक्की मठाची, आम्ही कुळंही मठाचीच. दाणा तेवढा आमचा, तोही पिठाच्या पोत्यातून अर्धमुर्धा घरी येईस्तोवर. दळायचं ते चक्कीवरच, घरात जातं ठेवायचं नाही. नाहीच ठेवलं! मी दळतच नाही मुळी. जव भिजवते, शिजवते, खाते. दात आहेत मला, तुमच्यापेक्षा जास्तच असतील. ही? ही भाकरी होय — ही हॉविसने दिली. आणि हॉविसला कुणी दिली — हॉविसला — खा ना तुम्ही, कशाला चौकशा! भाकरी विचारून खायची नसते. ही घ्या बिअर, घरचीच आहे. कचकच लागते? थोडी लागते. हो, दगडाचीच कच आहे — म्हणजे, तुमच्या चक्कीचीच असेल की! दुसरा दगड कुठला आहे गावात?

तुम्हाला नाही माहीत. पलीकडच्या खोऱ्यातून आलात तुम्ही, दोन सुगी झाल्या असतील, आणि आल्यापासून त्या चक्कीच्या धडधडीत बसलाय, कोण सांगणार तुम्हाला? पूर्वी इथे घरोघरी जातं होतं. पहाटे घरघर सुरू झाली की कोंबड्याची गरज नव्हती. मग हे नवे मठाधीश आले, त्यांनी चक्की दुरुस्त करून घेतली, बांध बांधला, आमचीच माणसं वेठीला धरून बांधला हो, आणि मग म्हणाले, आता घरात जाती कशाला? ऐन कापणीत आले मठाचे लोक, पुरुष सगळे मठाच्या शेतावर वेठीला गेलेले, घरात बायका. घरोघर शिरून जाती उचलून गाडीत टाकायला लागले. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, हॉविसने तर एकाच्या अंगावर ताकाचं मडकं रिकामं केलं, आणि आमची सासू — आल्डिथ नाव तिचं — ती काय करते? जात्यावर बसली. मांडी घालून, जशी चर्चमध्ये बसावी तशी. म्हणाली, 'मी या घरात आले तेव्हा हे जातं होतं, मी जाईन तेव्हाही असेल. उचला, मला धरून उचला.' त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय. आमची म्हातारी थट्टा करणारी नव्हती, मीच काय ती करते घरात. शेवटी चौघांनी तिला जात्यासकट उचलली हो, आणि ठेवली गाडीत!

आणि ती गायला लागली. गाडी निघाली, बैल निघाले, आणि दगडांच्या राशीवर आमची सासू बसलेली, मोठ्याने दळणाचं गाणं म्हणतेय —

फिर रे दगडा, फिर, तुझ्या पोटात जव,
महाराज जेवतील मागून, आधी लेकरांना ठेव —

झालं! एक बाई मागे लागली, दुसरी लागली, वेशीपाशी जाईपर्यंत अख्ख्या गावातल्या बायका गाडीमागे आणि सगळ्या गाताहेत. मठात काय वाटलं असेल? त्यांना वाटलं कुणा संताच्या अस्थी घेऊन मिरवणूक आली! घंटा वाजवायला लागले, दोन साधू मेणबत्त्या घेऊन धावत बाहेर आले, मठाधीश स्वतः दारात, हात जोडून — आणि गाडीत बघतात तर आमची आल्डिथ! हसा, हसा, मीही हसले होते तेव्हा. पोट दुखेपर्यंत. इतकं हसले की म्हातारीला खाली उतरवताना ती दगडाला कशी चिकटून होती, तिची बोटं एकेक करून कशी सोडवावी लागली, ते मला — ते मी नीट पाहिलंच नाही. ऑर्मने पाहिलं. तो शेतावरून धावत आला होता. त्याने तिला पाठीवर घेतली आणि घरी आणली.

त्यानंतर तिने चक्कीच्या पिठाची भाकरी खाल्ली नाही. मी करायची, पुढे ठेवायची, ती वास घ्यायची आणि बाजूला सारायची. 'गुनिल्ड, पीठ चांगलं आहे गं, पण ओळखीचं नाही.' लापशी खायची, तीही दोन घास. थंडी संपायच्या आत गेली. त्यात तुमचा काय दोष, तुम्ही तेव्हा इथे नव्हतात, त्या वेळचा चक्कीवाला दुसराच, ढेरपोट्या, त्याचा अंगठा सगळ्या मापांत बुडालेला असायचा. तुमचा अंगठा बाहेर असतो. मी बघते ना. म्हणजे बघत नाही — दिसतो. पोतं धरताना दिसतोच.

पुढचं ऐका, खरी मजा पुढेच आहे. मठाधीशांना आपल्या बैठकीच्या खोलीला नवी फरशी हवी होती. आणि दगड तर आयतेच पडलेले! म्हणाले, जातीच बसवा जमिनीत, कुळं भेटायला आली की त्यांना आठवण राहील. आता वेठ कुणाची निघाली? आमच्या ऑर्मची! आईला पुरून आठवडाही झाला नव्हता. गुडघ्यावर बसून त्याने एकेक जातं त्या मातीत बसवलं — हे हॉविसच्या आईचं, हे लोहाराकडचं, हे माझ्या माहेरचं — सगळी ओळखत होता तो. आणि मग हाताला आईचं लागलं. कडेला टवका होता त्याला, आणि खुंट्याजवळ दगड असा गुळगुळीत, हात घासून घासून. घरी आल्यावर मला म्हणाला, 'गुनिल्ड, त्याच्यावर कुणाचे बूट पडतील, ते मला नाही करवत.' मी म्हटलं, मग? तो उठला, आणि आपल्या चुलीपुढची फरशी उखडायला लागला! मी ओरडले, अरे माझी चूल! तर दुसऱ्या दिवशी ती फरशी गाडीत घालून घेऊन गेला, काजळी खाली करून जात्याच्या जागी बसवली, आणि जातं आणलं शेणखताच्या गाडीत, तळाशी घालून. मठाच्या दारावर पहारेकरी होता ना — पण शेणात कोण हात घालणार? नाक धरून म्हणाला, 'जा, जा लवकर.' आज मठाधीश खुर्ची टाकून बसतात ना, ती माझ्या चुलीवर! माझ्या सासूने, मी, आम्ही सगळ्यांनी त्या दगडावर लापशी सांडलीय, लेकरांची — असो. गेली ती लेकरं तापात. पण बसतात तिथे. ऑर्म असेपर्यंत रोज रात्री हसायचो आम्ही यावर. गेल्या सुगीत तोही गेला, आता एकटीने हसायचं म्हणजे —

अगं बाई.

काय सांगून बसले मी हे? चक्कीवाले, तुम्ही — हे बघा, ही सगळी जुनी गोष्ट, गोष्टीत काय, माणूस काहीही — उठलात कशाला? हॅमो, तिकडे जाऊ नकोस, सांगितलं ना ती चावते! हॅमो! — चावली नाही? पाद्रीबाबांना चावते आणि याच्या हातावर अशी टोपलीसकट निमूट बसते? काय हे, माझ्याच घरात फितुरी! बरं. पाहिलंस? आता पाहिलंस. हेच ते. हाच तो टवका. जा, सांग कारभाऱ्याला. जमीन काढून घेतील, नाहीतरी घेणारच होते, परवा कचेरीत त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, विधवेच्या हातून वेठ होत नाही, ईस्टर झाला की नवऱ्याचं नाव सांग, नाहीतर जमीन सोड. आणि नवरा कोण सुचवला? थर्स्टन! सत्तरी उलटलेला थर्स्टन, त्याला दात नाहीत, त्याला लापशी मीच चावून द्यायची का? मी म्हटलं, त्यापेक्षा तो चक्कीवालासुद्धा एकटाच — मी नाही म्हटलं. हॉविस म्हणाली. हॉविस काहीही म्हणते, ती ताक फेकणारी बाई. मी फक्त नको म्हणाले नाही.

काय करतोस? अरे, कमरेची ती टोकदार हातोडी कशाला काढलीस, फोडतोस की काय? हॅमो, तो दगड — एवढं ऐक माझं, घेऊन जा हवं तर, फरशीत घाल, पण फोडू नकोस — अं? हे काय? टाकी लावतोयस, दगडावर नव्या खाचा पाडतोयस? ... खरंच? दगड झिजलाय म्हणून कच लागते होय? ते एका घासात कळलं तुला? मला वाटलं जवच वाईट. ऑर्म लावायचा टाकी, तो गेल्यापासून कुणाला सांगणार होते मी — 'या, माझ्या चोरीच्या जात्याला टाकी लावा'? अरे पण हळू! टक टक टक, रस्त्यावर ऐकू जाईल! थांब, मी काहीतरी बडबडत राहते. नाहीतरी तेच करतेय सकाळपासून. तू मार ठोके. हात बरा आहे तुझा. कडेला जरा जास्त — हां. चक्कीवाला, आणि घरच्या जात्याला टाकी लावतोय! तुझ्या मठाने पाहिलं तर तुलाच बसवतील फरशीत. तुला भीती नाही वाटत? खांदे काय उडवतोस, तोंडाने सांग ना एकदा, मी काय हंसीण आहे का?

— थांब. थांब, थांब. घोडा. कारभाऱ्याचाच, एका पायाने लंगडतो तो. टोपली ठेव वर, ठेव लवकर, ए बये, नीट बस अंड्यांवर, आज तुझी कसोटी आहे. हातोडी आत घाल. गुडघे झटक, सगळी दगडाची भुकटी — असू दे, पीठच वाटेल, तुझ्यावर काय फरक पडतो. आता त्याला काय सांगू? इतका वेळ काय करत होता म्हणेल. शोधत होता म्हणावं, तर सापडलं का विचारेल. हॅमो, एवढ्यापुरतं तरी बोल, तू इथे का आलास म्हणून सांगू मी त्याला?

...

काय म्हणालास?

नाही, ऐकू आलं. ऐकू आलं मला. पुन्हा म्हण.

...

बाहेरच थांबा हो, कारभारी! — हो, इथेच आहे चक्कीवाला. — नाही, जातं नाही सापडलं त्याला. — काय? दुसरंच काहीतरी शोधायला आला होता तो. — नाही, आत नका येऊ, आज नाही. आणि जाताना थर्स्टनला म्हणावं, लापशी दुसरीकडे बघ.