फटफटीवरचा मुराळी

एकट्या बाईच्या प्रवासाचं निघालंय म्हणून सांगते. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या सालची गोष्ट. माझं नवं लग्न, सासर राणीसावरगाव, माहेर पाथरी. आई आजारी होती, पण न्यायला माहेरचा मुराळी आल्याशिवाय सुनेला पाठवायचं नाही, असा सासूबाईंचा नेम. भाऊ सुगीत अडकलेला.

एका सकाळी फटफटीवरून आलेली एक मुलगी पाणी मागायला दारात थांबली. नागपूरची होती, कन्याकुमारीहून काश्मीरला निघालेली.

"संगं कोण हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही, मावशी."

"आन् घरच्यांनी सोडलं?"

"आईनंच पाठवलं. म्हणाली, लग्नाआधी देश बघून ये."

सासूबाईंनी तिचा तांब्या पुन्हा भरून दिला.

"पाथरीवरून जायलीस का?"

"जाईन की."

त्या माझ्याकडं वळल्या. "सूनबाई, पिशवी भर. तुझा मुराळी आलाय."