थंड पडलेला ढीग

लीड्सच्या बसथांब्यावर क्लेमेंटच्या पुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. भाजीच्या मळ्यांवर तो त्यांना रोज पाहायचा, पण बोलायचं धाडस कधी झालं नव्हतं.

"मी मळा सोडतेय, ग्लेनिस."

"काहीतरीच काय, विनी!"

"माझा अर्नेस्ट गेल्यापासून खताचा ढीग थंड पडलाय. साली-देठं कुजतच नाहीत. खताशिवाय कांदे काय कपाळ पोसणार?"

"अर्नेस्ट काय करायचा त्याला?"

"रोज संध्याकाळी ढिगामागे जाऊन उभा राहायचा. शीळ घालत."

"अगं बाई! आमचा रॉयही तेच करतो. म्हणतो, त्यानंच ढीग तापतो."

"मग पाठव की त्याला."

"छे गं! तो एक थेंब दुसऱ्याच्या ढिगाला देत नाही. तूच बस की बादलीवर."

"या गुडघ्यांनी? उठवायला क्रेन लागेल!"

दोघी खिदळल्या. मग विनीचा आवाज उतरला.

"नाही गं. उद्याच फाटकाची किल्ली परत करते."

क्लेमेंट खाकरला. त्याचे कान लाल झाले होते.

"मी... तुमच्या शेजारच्याच मळ्यात असतो. मला जमेल."

विनीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चहा किती पिता?"

"दिवसभर."

"मग उद्यापासूनच या."