कासाराच्या हातातला हात

मंडळी, ऐका! ज्याच्या मनात पाप नाही, त्यानं काही लपवावं कशाला? — बोला की! काय म्हणता आजोबा? ‘लपवूच नये!’ वा! राजा चंद्रकेतूही हेच म्हणाला!

त्याच्या नगरीत भिवाजी कासार होता. दुपारी पेटी घेऊन दारात बसायचा, बाईचा हात धरायचा, ‘ताई, हात सैल सोडा’ म्हणायचा — आणि हाताबरोबर मनही सैल व्हायचं हो! बांगडी सरकते आहे, डोळे मिटलेत, माहेरची नदी दिसते आहे... आणि बाई आपली पुटपुटते आहे, झोपेत बोलावं तसं! भिवाजी ऐकायचा, विसरायचा.

राजानं त्याला बोलावलं. ‘बायका काय बोलतात, ते सांगत जा. प्रजेचं सुखदुःख कळायला नको का?’ — किती गोड! भिवाजी भुलला. सांगून बसला, ‘गोजरी गवंडीण म्हणते, महाराजांचा तलाव बांधता बांधता माझा धनी अंथरुणाला खिळला, आणि महाराज त्यात नाव फिरवतात!’

दुसऱ्या दिवशी शिपायांनी गोजरीला नेलं! भिवाजीनंच भरलेल्या बांगड्या किणकिणत गेल्या.

पुढं? बायका हात द्यायच्या, पण ओठ घट्ट! सगळी नगरी झोपेत चालावं तशी चालायची — मुकाट!

एके दिवशी राणीनं हात पुढं केला. गार हात! डोळे मिटून म्हणाली, ‘भिवाजी, झोपेत काही बोलून जाईन म्हणून मी तोंडात पदराचा बोळा धरून निजते रे.’

संध्याकाळी राजानं विचारलं, ‘राणी काय म्हणाली?’

आली का पंचाईत! सांगावं तर राणी जाते, न सांगावं तर मान जाते! भिवाजीनं पेटी राजाच्या पायाशी ठेवली. ‘नाही सांगणार, महाराज. गोजरीचं सांगितलं, तेच पाप अजून फिटलं नाही.’

राजा तलवार उपसून राणीकडे धावला. ‘काय बोललीस त्याच्याशी?’ राणी हसली, रोज हसायची तशीच. ‘काही नाही, महाराज.’ प्रधानाला विचारलं — ‘काही नाही, महाराज!’ मग लेकीला जवळ घेतलं. सात वर्षांची पोर हो! ‘तुझ्या मनात काय आहे, बाळ?’ तिनं मान खाली घातली. ‘काही नाही, महाराज.’

‘बाबा’ नाही म्हणाली!

तलवार हातातून गळाली. गोजरीला सोडलं त्यानं. पण तिला पुन्हा दारात बसून मोकळं बोलायला वर्ष लागलं.

हसता काय, मंडळी! घरी जा, सुनेला विचारा, ‘बाई, मनात काय आहे?’ आणि ती म्हणाली, ‘काही नाही, मामंजी’ — तर देवापुढं हात जोडण्याआधी आठवा, आपण तिचं कुठं कुठं जाऊन सांगितलं!