ठिपक्या आणि आईचं सोवळं

फिशटँकमध्ये दोन जातींचे सकर मासे एकत्र ठेवताय ना, म्हणून सांगते. आमच्या अप्पांनी साठच्या दशकात बंगळूरला हेच केलं होतं. काच चाटणारा एक काळा सकर त्यांच्याकडे होता. तो एकटा पडतो म्हणून त्यांनी दुसऱ्या जातीचा, ठिपक्यांचा आणला. दुकानदार म्हणालाही, "अण्णा, स्वल्प जपून. ह्यांना आपापली जागा लागते." पण टाकीत लपायला मडकं एकच. काळा त्यात बसायचा आणि ठिपक्याला हुसकून लावायचा.

एका सकाळी ठिपक्या टाकीत दिसेना. उडी मारून बाहेर पडला होता. अप्पा आणि मी पलंगाखाली, कपाटामागे शोधत होतो. अप्पा रडवेले झाले होते. आई सोवळ्यात स्वयंपाक करत होती. मासे घरात आल्यापासून ती टाकीकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात तीच धावत आली, ओंजळीत ठिपक्या! मोरीजवळच्या ओल्या पोत्यावर तो तिला सापडला होता. तिनं त्याला अलगद पाण्यात सोडलं. हळूहळू त्याचे कल्ले हलायला लागले.

अप्पा म्हणाले, "अगं, तू सोवळ्यात होतीस!"

"मी पुन्हा आंघोळ करीन. ह्याचा जीव पुन्हा कुठून आणला असता?"

संध्याकाळी टाकीत दुसरं मडकं आलं. पण त्याआधी, आईच्या त्या दुसऱ्या आंघोळीसाठी अप्पांनी स्वतः बंब पेटवला. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर, पहिल्यांदाच.