खुंटावर अडकवलेला वाळा

जबाब देणार : झुबेदा नूरुद्दीन परकार, वय ५४ वर्षे, विधवा. व्यवसाय : घरी मुलांना इंग्रजी व गणित शिकवणे. शिक्षण : बी. ए., मुंबई. राहणार : बर दुबई, खाडीच्या धक्क्यामागची गल्ली. मूळ गाव : तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. तारीख ११ मार्च १९६५, गुरुवार.

मी समक्ष हजर राहून लिहून देते की, चोरीला गेला असे ज्याबद्दल म्हटले होते तो वाळा आज सकाळी सापडला, पण चोर म्हणून ज्यांना या ठाण्यात आणले ते गृहस्थ अजून आतच आहेत. लेखी जबाबाशिवाय त्यांना सोडता येत नाही, असे मला सांगण्यात आले. त्यांना घेऊन जाणारी आगबोट आज संध्याकाळी बसऱ्याकडे निघते. म्हणून मी हे लिहीत आहे. मराठीत लिहीत आहे, कारण येथील दुभाषी मुश्ताक रत्नागिरीचे आहेत आणि ते हे नीट अरबीत उतरवतील.

आत असलेले गृहस्थ म्हणजे आलोइस इमहोफ, वय ६३, राहणार स्वित्झर्लंड, डोंगरातले एक गाव. चाळीस वर्षे तिथल्या टपालाची पिवळी बस चालवून ते निवृत्त झाले. त्या बसमध्ये पत्रे आणि माणसे एकत्रच नेतात. घाटातल्या वळणावर ती बस तीन सुरांचा भोंगा वाजवते आणि समोरची कुठलीही गाडी, मग ती मंत्र्याची का असेना, मागे जाते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हिंदुस्थान पाहिला आणि परतीच्या वाटेवर मुंबईच्या बोटीत त्यांना ताप भरला. बोटीवरच्यांनी त्यांना इथे उतरवले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवले, कारण माझी मागची खोली रिकामी होती आणि गल्लीत इंग्रजी फक्त मला येते. माझी नणंद हलिमा माझ्यासोबत राहते. हे मुद्दाम लिहीत आहे.

ताप पाच-सहा दिवसांत उतरला. त्यानंतर ते राहिले, कारण बोट नव्हती. मधे एक बोट येऊन गेली. तेव्हा त्यांना खोकला होता.

त्यांच्या सवयी समजल्याशिवाय कालचा प्रकार समजणार नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. त्यांच्याकडे डोंगरातल्या पायवाटेवर जो भेटेल त्याला, ओळख असो नसो, नमस्कार करायचा असतो. ते इथल्या बाजारातही भेटेल त्याला "ग्रुएत्सी" म्हणतात. बाजारातले लोक सलामाला उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत, आणि उत्तर दिले की चहा देतात. त्यामुळे कांदे आणायला पाठवले तर ते दुपारी परत येतात, कधी कांद्यांशिवाय. त्यांच्याकडे रविवारी ठोकाठोक करायची नाही, धुणे वाळत घालायचे नाही. शेजारी तक्रार करतात. इथे सुट्टी शुक्रवारी असते हे कळल्यावर त्यांनी मी मसाला कुटत असताना येऊन अतिशय अदबीने सांगितले की आज शुक्रवार आहे. मी सांगितले की कोकणचा मसाला वार विचारत नाही. ते दाराशी उभे राहिले. आता मी शनिवारी कुटते. याचा गुन्ह्याशी संबंध नाही.

गुन्ह्याशी संबंध असलेली सवय अशी. त्यांच्या गावात वाटेवर कुणाचा हातमोजा, टोपी, पोराचा बूट पडलेला दिसला तर तो घरी नेत नाहीत आणि पोलिसांकडेही देत नाहीत. जवळच्या कुंपणाच्या खुंटावर अडकवून ठेवतात. ज्याचा आहे तो शोधत येतो आणि घेऊन जातो. मी विचारले होते की दुसऱ्या कुणी नेला तर? त्यांनी खूप विचार केला आणि विचारले की एक हातमोजा घेऊन दुसरा माणूस काय करील?

काल बुधवारी सकाळी ते खाडीकडे फिरायला निघाले. गल्लीत शेजारच्या घरासमोर त्यांना लहान मुलाच्या पायातला चांदीचा वाळा पडलेला दिसला. तो त्यांनी उचलला. मग त्यांनी कुंपण शोधले. आमच्या गल्लीत कुंपणे नाहीत, दोन्ही बाजूंना भिंती आहेत. म्हणून ते वाळा हातात घेऊन खुंट सापडेपर्यंत चालत राहिले. पहिला खुंट त्यांना थेट अबऱ्याच्या, म्हणजे खाडी पार करणाऱ्या होड्यांच्या, धक्क्यावर मिळाला, नावा बांधायचा. तिथल्या एका खिळ्याला त्यांनी तो अडकवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, आणि फिरून घरी आले. मला त्यांनी यातले काही सांगितले नाही. त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखे काही घडलेच नव्हते.

वाळा शेजारच्या शहनाझच्या मुलीचा. शहनाझचा नवरा अबू धाबीला कामाला आहे. घरात दीर हमीद आहे. हमीदने या गृहस्थांना काहीतरी चकाकणारे उचलून गल्लीबाहेर जाताना पाहिले होते. दुपारी वाळा हरवल्याचे ध्यानात आले तेव्हा तो सरळ ठाण्यात गेला. मी त्याला दोष देत नाही. भावाचे घर त्याच्यावर आहे.

शिपाई आले तेव्हा इमहोफ यांनी विचारल्याबरोबर सांगितले की होय, मी उचलला. मग सगळ्यांना धक्क्यावर नेले आणि खुंट दाखवला. खुंटावर काही नव्हते. मी दुभाष्याचे काम करीत होते. हमीद मला म्हणाला, "आपा, चांदी खुंटावर ठेवायची आणि ती तिथंच राहायची, हे काय यांचं गाव आहे?" मी हे भाषांतर करून सांगितले नाही. इमहोफ यांनी विचारलेही नाही. ते त्या खिळ्याकडे पाहत होते. तापातसुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

त्यांना इथे आणल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची आणि चहा दिला, याची नोंद करते. माझी तक्रार नाही.

काल संध्याकाळी मी शहनाझकडे गेले. ती रडत होती. चांदीसाठी नव्हे. तो वाळा तिच्या आईने गावाहून पाठवला होता आणि आई गेल्या पावसाळ्यात वारली. मी तिला म्हटले की माणूस खोटे बोलत नाही. ती म्हणाली, "खाला, तुम्ही म्हणता म्हणून मानते. पण मग वाळा कुठाय?" हा प्रश्न बरोबर होता. 

घरी हलिमा म्हणाली की भाभी, सगळे म्हणतात खुंटावरून चोराने नेला, पण साधा माणूस आला असेल तर तो काय करील? मी विचार केला. आमच्या कोकणात सापडलेली वस्तू घरात ठेवत नाहीत. मशिदीत देतात, आणि जुम्म्याच्या नमाजानंतर तिथे पुकारा होतो. म्हणजे उद्या, शुक्रवारी. आणि बोट आज.

आज सकाळी मी धक्क्यावर जाऊन अबरेवाल्यांना विचारले. तिसरा होता खैरुद्दीन, मुरुडकडचा. तो म्हणाला, "तो वाळा? तो मीच काढला, आपा. खाडीत पडला असता. मशिदीत बांगीसाहेबांकडे दिलाय, उद्या पुकारतील." काल पोलीस आले तेव्हा तो खाडीपलीकडे देऱ्याला माणसे सोडायला गेला होता. एवढेच झाले.

मी मशिदीच्या दाराबाहेर उभी राहिले. बांग देणारे बांगीसाहेब वाळा घेऊन आले, पण देईनात. त्यांचा नियम असा की ज्याची वस्तू त्यानेच खूण सांगायची. त्यांचे बरोबर होते. मी शहनाझला बोलावून आणले, हमीद मागून आला. शहनाझने सांगितले की वाळ्याला पाच घुंगरे आहेत आणि त्यातले एकच वाजते. बाकीच्या चारांत तिच्या आईने मेण भरले होते, म्हणजे बाळ झोपेत पाय हलवून दचकणार नाही, पण रांगत कुठे गेले ते आईला कळेल. बांगीसाहेबांनी वाळा हलवून पाहिला. एक वाजले. 

माझे म्हणणे असे की, या प्रकरणात चोरी झालेली नाही. एकाने त्याच्या गावच्या रीतीने वस्तू मालकासाठी ठेवली आणि दुसऱ्याने त्याच्या गावच्या रीतीने ती मालकासाठी उचलली. हमीद माझ्यासोबत आला आहे आणि तक्रार मागे घेत आहे.  येताना त्याने ताजी रोटी घेतली आणि ती आत इमहोफ यांना नेऊन द्यावी म्हणून माझ्या हातात दिली. मी ती परत त्याच्या हातात दिली आणि स्वतः दे म्हटले. त्याने दिली.

शहनाझही मुलीला कडेवर घेऊन आली आहे. तिने मला इमहोफ यांना सांगायला लावले, "पुढच्या वेळी सरळ माझ्या दाराच्या कडीला अडकवा म्हणावं." याचे मात्र मी शब्दशः भाषांतर केले. त्यांनी उठून तिला आणि मुलीला, दोघींनाही वेगवेगळा नमस्कार केला.

सुटकेसाठी जामीन मी राहते. अधिकाऱ्यांनी माझे त्यांच्याशी नाते विचारले. ती जागा रिकामी ठेवावी अशी मी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला. मुश्ताक यांनी तो सर्वांसमोर मोठ्याने वाचला. वाचताना ते दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा मी त्यांना पुढे वाचा असे सांगितले. त्यात काही वाढवायचे नाही आणि काही खोडायचे नाही.

पुढील मजकूर सुटकेनंतर लिहीत आहे. अधिकारी म्हणाले की ताबडतोब निघाल्यास बोटीवर नेणारा पडाव मिळेल. मी हे इमहोफ यांना इंग्रजीत, स्पष्ट आवाजात, एकदा सांगितले. त्यांनी ऐकले असे दिसले नाही. त्यांचे कान चांगले आहेत. मी पुन्हा सांगितले नाही.

आज ठाण्यातून माझ्या ताब्यात मिळाले ते असे : खिशातला चाकू, एक. चष्मा, एक, डबीसह. बसऱ्याच्या बोटीचे तिकीट, एक, न वापरलेले. आणि आलोइस इमहोफ, एक, सुखरूप, जेवायचे राहिलेले.

सर्व मिळाले.

झुबेदा नूरुद्दीन परकार